टोक एक, तारा वेगळ्या

पैनगंगेच्या या काठावर, आदिलाबाद जिल्ह्यात, माझे विद्यार्थी चार्जरच्या टोकाला ‘पिन’ म्हणतात. ‘सी पिन आहे का?’ एवढे विचारले की केबल मिळते. चार्जिंगपुरता हा शब्द चालतो. पण हेच विद्यार्थी आजीच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून आणतात. ते मुद्रण संगणकावर उतरवताना ‘पिन’ हा शब्द अपुरा पडतो. तो टोकाचा आकार सांगतो, आतल्या तारांविषयी काहीच सांगत नाही.

यूएसबी ही जोडणी १९९६ साली आली. तिच्या मूळ रचनेत चार तारा आहेत : दोन विजेसाठी, दोन माहितीसाठी. काही स्वस्त केबलींमध्ये माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. अशा केबलने मोबाइल चार्ज होतो. संगणकाला मात्र त्यातली एकही फाइल दिसत नाही.

टोकांचे आकार काळानुसार बदलले. संगणकात बसणारे चपटे, आयताकृती टोक ‘टाइप-ए’. जुन्या मोबाइलचे, एकाच बाजूने बसणारे बारीक टोक ‘मायक्रो-बी’. आणि २०१४ साली आलेले, उलटसुलट कसेही बसणारे लंबगोल टोक ‘टाइप-सी’. या टाइप-सीमध्ये २४ संपर्कबिंदू असतात आणि तंत्रज्ञ त्यांतील प्रत्येकाला पिन म्हणतात. आपली एक पिन म्हणजे त्यांच्या चोवीस! पण त्या सर्वांना जोडणाऱ्या तारा प्रत्येक केबलीत असतातच असे नाही.

म्हणून दिसायला सारख्या दोन टाइप-सी केबलींचे काम वेगळे असू शकते. यूएसबी २.० च्या केबलीचा कमाल वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे ६० मेगाबाइट, यूएसबी ३.० पासून तो ५ गिगाबिट व त्याहून अधिक. ओव्यांच्या मुद्रणाला पहिला वेग पुरतो; लांबलचक चित्रफितीला फरक जाणवतो. विजेचेही तसेच आहे. साधी टाइप-सी केबल ६० वॅटपर्यंत, तर ओळख सांगणारी चिप बसवलेली खास केबल २४० वॅटपर्यंत वीज नेऊ शकते.

युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाइलना टाइप-सी सक्तीचे झाले. भारतीय मानक ब्यूरोनेही त्यासाठी मानक प्रसिद्ध केले आहे. टोके एकसारखी होत जातील, तशी केवळ आकारावरून केबल ओळखणे अधिकच फसवे ठरेल.

घरच्या घरी पारख सोपी आहे. मोबाइल संगणकाला जोडावा, त्याचे कुलूप उघडावे आणि पडद्यावरील सूचनेत ‘फाइल ट्रान्सफर’ निवडावे. अनेक मोबाइल जोडल्यावर आपणहून फक्त चार्जिंगवर राहतात. तेवढ्यावरून केबलीला दोष देऊ नये. हा पर्यायच दिसत नसेल, तर दुसरी केबल लावून पाहावी. चालणाऱ्या केबलीवर ‘फाइलसाठी’ अशी चिठ्ठी चिकटवून ठेवावी. उतरवलेली ओवी संगणकावर शेवटपर्यंत ऐकावी, तिची आणखी एक प्रत दुसरीकडे ठेवावी; मगच मोबाइलमधली पुसावी.