नर्मदेतील पाला मासळी

समुद्रात वाढणारी, परंतु अंडी घालण्यासाठी नदीच्या गोड्या पाण्यात चढणारी मासळी म्हणजे पाला होय. गुजरातीत तिला चाकसी, तर बंगालीत इलिश म्हणतात. पावसाळ्यात नर्मदेचे गढूळ, गोडे पाणी मुखाबाहेर लोटू लागले, की पाल्याचे थवे भरूचच्या बाजूने नदीत शिरतात. भाडभूत परिसरातील मच्छीमारांची मोठी मिळकत याच हंगामात होते. अंड्यांतून निघालेली पिले काही महिने नदीत वाढून समुद्राकडे परततात.

या मासळीस पुरेसा प्रवाह हवा, तसाच मोकळा मार्गही हवा. गंगेवर १९७५ मध्ये फराक्का बंधारा कार्यान्वित झाल्यानंतर अलाहाबादपर्यंत व त्याही पुढे चढणारा पाला वरच्या भागातून जवळजवळ नाहीसा झाला. नर्मदेत सरदार सरोवराच्या खाली येणारे गोडे पाणी घटले असून मुखाजवळ खारेपणा वाढला आहे. त्यातच अंड्यांनी भरलेली मादी नदी चढण्यापूर्वीच जाळ्यात सापडली, म्हणजे पुढील पिढीचे बीजच नष्ट होते.

यास्तव धरणातून हंगामात पुरेसे पाणी सोडणे, चढत्या मासळीस काही काळ अभय देणे व पिले पकडणाऱ्या बारीक आसाच्या जाळ्यांचा त्याग करणे, या तिन्ही गोष्टी एकत्रच साधावयास हव्यात. केवळ मच्छीमारावर निर्बंध घालून नदीतील पाणी वाढणार नाही.