नोकरी एकाची, शहर दोघांचं

पुण्या-नाशिककडच्या घरांमध्ये स्टुटगार्टचं नाव आता नवं राहिलेलं नाही. मुंबईशी या शहराचं भगिनी-शहराचं नातं १९६८ पासूनचं आहे. नाशिकची बॉश आणि चाकणची मर्सिडीज, दोघींची मुख्यालयं याच परिसरात. दोघांपैकी एकाला इथे नोकरी मिळते आणि दुसरं माणूस आपलं तिथलं काम सोडून मागोमाग येतं. मीही नवऱ्याच्या पाठोपाठ अशीच आले. नोकरीवाल्याला पहिल्याच दिवशी टेबल, सहकारी, कँटीन आणि इंग्रजी मिळतं. शहराशी खरी गाठ पडते ती घरी असणाऱ्याची, म्हणून हे त्याच्यासाठी, किंवा तिच्यासाठी.

स्टुटगार्ट खोलगट वाटीसारखं वसलंय. चहूबाजूंनी टेकड्या, त्यांच्या उतारांवर द्राक्षांचे मळे आणि वरच्या वस्त्यांना खालच्या शहराशी जोडणारे शेकडो दगडी जिने. पसरायला जागा कमी, त्यामुळे घर मिळणं अवघड. जाहिरातीत भाड्याचे दोन आकडे असतात. ‘काल्ट’ म्हणजे नुसत्या जागेचं आणि ‘वार्म’ म्हणजे हीटिंग, पाणी, कचरा वगैरे धरून. घराचा हिशेब नेहमी दुसऱ्या आकड्यावर करावा. वीज आणि इंटरनेट बहुधा त्याहूनही वेगळं. अनामत रक्कम काल्ट भाड्याच्या तिपटीपेक्षा जास्त मागता येत नाही आणि ती तीन हप्त्यांत द्यायचा हक्क भाडेकरूला कायद्याने आहे. हे माहीत नसल्यामुळे अनेक जोडपी पहिल्याच महिन्यात सगळी शिल्लक रिकामी करतात.

आम्हाला मिळालेल्या घरात स्वयंपाकघर म्हणून दाखवलेल्या खोलीत ना ओटा, ना सिंक. भिंतीतून पाण्याचे पाइप आणि शेगडीसाठीची जाड वायर तेवढी बाहेर आलेली. इथे जुना भाडेकरू जाताना कपाटांसकट स्वयंपाकघर काढून नेतो, नाहीतर नव्याला विकतो. घर बघायला जाल तेव्हा ओटा घराबरोबर मिळणार की त्याचे वेगळे पैसे, हे आधी विचारा.

राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेच्या कचेरीत पत्त्याची नोंद करायची, म्हणजे ‘आनमेल्डुंग’. त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. बँक, विमा, परवाना, सगळं या नोंदीपासून सुरू होतं. करक्रमांक पोस्टाने येतो, आणि पोस्टमन पत्र टाकतो ते पेटीवरचं नाव वाचून. फ्लॅटचा नंबर इथे बहुधा नसतोच. नवरा-बायकोची आडनावं वेगळी असतील तर पेटीवर आणि बेलवर दोन्ही लिहा, नाहीतर एकाची पत्रं परत जातात. सार्वजनिक रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचंही पत्र येतं. महिन्याला १८.३६ युरो, घरात टीव्ही असो वा नसो. पण ती घरामागे एकदाच असते. दोघांच्या नावाने पत्रं आली तर दुसऱ्याने पहिल्याचा वर्गणी क्रमांक कळवावा, एवढंच. सरकारी आरोग्य विम्यात मात्र न कमावणारा जोडीदार वेगळा हप्ता न भरता सामावला जातो.

आणि मग एके दिवशी दाराच्या मुठीवर एक छोटी पाटी लटकलेली दिसते : ‘केअरवोखं’. या आठवड्यात झाडलोटीची पाळी तुमची. ही श्वाबेन प्रांताची खास रीत. छोटी पाळी असेल तर आपल्या मजल्याचा जिना झाडून-पुसून काढायचा. मोठी असेल तर प्रवेशाची जागा, तळघराची वाट, घरापुढचा फूटपाथ, आणि हिवाळ्यात लोक कामाला निघायच्या आत त्यावरचा बर्फ. आठवडा संपला की पाटी शेजाऱ्याच्या मुठीवर. घर बघताना कोणी हे सांगत नाही, पण भाडेकरारात ते लिहिलेलं असतं.

नव्याने आलेल्या अनेकांना यात जाच वाटतो. मला ही रीत मनापासून आवडते. एरवी वर्षानुवर्षं नुसतं ‘ग्र्यूस गॉट’ म्हणून पुढे जाणारे शेजारी जिन्यात हातात झाडू दिसला की थांबतात. वरच्या मजल्यावरच्या आजींशी माझं पहिलं खरं बोलणं झालं ते पायऱ्यांच्या कडेला फडकं कसं फिरवायचं यावरून. त्यांनी माझ्या हातातून फडकं घेतलं, पिळून घट्ट केलं आणि कठड्याच्या खालच्या कोपऱ्यात बोटाने दाबून फिरवून दाखवलं. मला त्यातले निम्मे शब्द कळले नाहीत. पुढच्या वेळी भेटल्यावर मात्र त्यांनी गावाकडची, आईवडिलांची चौकशी केली.

दिवाळीला सुट्टी नसते. फटाके वर्षअखेरीलाच विकायला येतात आणि ३१ डिसेंबर-१ जानेवारीलाच उडवता येतात, तेव्हा आपली दिवाळी पणत्यांची आणि फराळाची. घरून येणाऱ्यांना भाजणी आणायला सांगा. पेढे, खवा, तूप नको. भारतातून दुधाचे पदार्थ युरोपीय संघात आणायला बंदी आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि भारताशी साडेतीन तासांचं अंतर साडेचार होतं. लक्ष्मीपूजनाचा व्हिडिओ कॉल ठरवताना तेवढं ध्यानात ठेवायचं. अंधारही लवकर पडायला लागतो. घरी एकट्या असणाऱ्याला पहिला नोव्हेंबर फार जड जातो, हे मी बघितलंय. तेव्हा ऑफिसमधून उशिरा येणाऱ्याने निदान त्या महिन्यात लवकर घरी यावं.

सगळ्यात महत्त्वाचं राहिलं, ते भाषेचं. ‘ब्लू कार्ड’ म्हणजे उच्चशिक्षित नोकरदाराचा वास्तव्य परवाना. ते असणाऱ्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मनची अट नाही, आणि आल्या दिवसापासून नोकरी करायची मुभा आहे. कागदावर हे उत्तम. पण या सवलतीमुळेच शिकलेली, अनुभवी माणसं भाषेशिवाय येतात, आणि परवानगी खिशात असूनही काम मिळत नाही म्हणून घरी बसतात. शिक्षिका, नर्स, वकील, हिशेबनीस यांचं इंग्रजीवर भागत नाही. कायम वास्तव्याच्या परवान्यालाही भाषा हवीच. ब्लू कार्डधारकाला तो ‘बी १’ पातळी असेल तर २१ महिन्यांनी मिळू शकतो, नुसती ‘ए १’ असेल तर २७ महिन्यांनी.

सरकारी एकात्मता अभ्यासक्रमात भाषेच्या साधारण ६०० तासिका असतात, आणि त्यानंतर देशाचा इतिहास, कायदा, समाज यांच्या १००. जोडीदार म्हणून आलेल्याला, जर्मन येत नसेल तर, त्यात सहसा हक्काने प्रवेश मिळतो. शिवाय रोटेब्यूलप्लाट्झला ‘फोल्क्सहोखशूले’ आहे, म्हणजे पालिकेच्या आधारावर चालणारी लोकशाळा. तिथे भाषेपासून शिवणकामापर्यंत वर्ग चालतात, आणि तुमच्यासारखीच जगभरातून आलेली माणसं शेजारच्या बाकावर भेटतात. पण माझं आग्रहाचं सांगणं एकच : नोकरीचं पत्र हातात पडल्यापासून विमानात बसेपर्यंत काही महिने जातात. तेवढ्यात पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात किंवा जवळच्या वर्गात दोघांनीही नाव घाला. ज्याला नोकरी लागलेली नाही, त्याने तर आधी.