समुद्रातलं प्लास्टिक मोजायचं, पण कोणत्या फुटपट्टीने?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या एपिसोडचा लेखी अवतार.

सुरुवात माझ्याच एका फजितीपासून. मी सॉफ्टवेअरवाला माणूस. एकदा दोन सिस्टिम्सचा डेटा जोडत होतो. एकीत आधी दिवस मग महिना, दुसरीत उलटं. त्यामुळे ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च? रिपोर्ट चुकले आणि कहर म्हणजे एकही एरर आली नाही. मायक्रोप्लास्टिक मोजणाऱ्या शास्त्रज्ञांचं दुखणं अगदी हेच आहे.

मायक्रोप्लास्टिक म्हणजे ५ मिलिमीटरपेक्षा छोटे प्लास्टिकचे कण. ही मर्यादा २००८ साली अमेरिकेतल्या टॅकोमा इथल्या एका आंतरराष्ट्रीय बैठकीतून रूढ झाली. पण वरची मर्यादा ठरली म्हणून मोजमाप सारखं झालं असं नाही.

समजा, एक टीम बोटीमागे मॅन्टा जाळं ओढतेय. त्याची भोकं साधारण ०.३ मिलिमीटरची. त्याहून बारीक कण आणि बरेचसे धागे आरपार जातात. दुसरी टीम बादलीभर पाणी घेऊन बारीक फिल्टरमधून गाळते. तिला कितीतरी जास्त कण दिसणार! मग एक जण लिहितो 'प्रति चौरस किलोमीटर', दुसरा 'प्रति घनमीटर'. त्यात वारा जोरात असेल तर पृष्ठभागावरचे कण घुसळून खाली जातात. म्हणजे समुद्र तोच, पण आकडा वेगळा.

मग यावर उपाय काय? जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने पुढाकार घेतला. वेगवेगळ्या देशांतल्या लॅब्जना कणांचे सारखेच नमुने पाठवले आणि सांगितलं, मोजा. १ मिलिमीटरपेक्षा छोटे कण बऱ्याचदा मोजणीतून निसटतात, हे तिथे उघड झालं. आमच्या भाषेत सांगायचं तर ही चक्क टेस्टिंग होती! त्यानंतर २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना आल्या: जाळ्याची भोकं किती, बोट किती अंतर गेली, वारा कसा होता, सगळं नोंदवा. थोडक्यात, मेटाडेटा लिहा. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांशी जोडलेल्या जेसॅम्प या तज्ज्ञगटानेही आपल्या सूचना काढल्या.

जुन्या, सातत्याने ठेवलेल्या डेटाची किंमत काय असते तेही ऐका. १९३१ पासून व्यापारी जहाजांमागे प्लँक्टन गोळा करणारं एक यंत्र ओढलं जातं. त्यात रेशमी कापडाचा रोल असतो. ब्रिटनमध्ये ते जुने नमुने जपून ठेवले होते. २००४ मध्ये रिचर्ड थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी ते पुन्हा तपासले, तेव्हा १९६० च्या दशकापासून प्लास्टिक वाढत गेल्याचं दिसलं. पद्धत तीच होती, म्हणूनच तुलना जमली.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याला काय त्याचं? ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हात जागतिक प्लास्टिक कराराची बोलणी तोडग्याशिवाय संपली. उद्या करार झालाच, तर प्लास्टिक खरंच कमी झालं का, हे कोण सांगणार? सगळ्यांची फुटपट्टी वेगळी असेल तर प्रत्येक देश आपल्याला सोयीचा आकडा पुढे करेल आणि त्याला खोटं ठरवता येणार नाही.

म्हणून पुढच्या वेळी 'अमुक समुद्रात इतके कण' असा फॉरवर्ड आला, की तीन प्रश्न विचारा. जाळं केवढ्या भोकांचं? एकक कोणतं? आणि तुलना कशाशी?

उत्तर नसेल, तर निदान पुढे ढकलू नका. भेटूया पुढच्या एपिसोडला!