चार फुटांवरून पडणं

ट्रकचा हौदा जमिनीपासून जेमतेम चार-साडेचार फुटांवर असतो. उंची म्हणावी अशी ही उंची नाही, आणि घोळ तिथंच होतो. परांचीवर चढणाऱ्या बांधकाम मजुराला निदान पट्टा लावायला सांगितलं जातं. मालधक्क्यावर ओल्या ताडपत्रीवर स्लिपर घालून उभ्या असलेल्या हमालाला मात्र कुणी हटकत नाही.

पडण्याच्या तऱ्हाही ठरलेल्या. दोर आवळताना गाठ सुटते आणि सगळा जोर लावून मागे रेललेला माणूस पाठीवर, कधी थेट डोक्यावर आपटतो. केबिनमधून क्लीनर उडी टाकतो, तेव्हा घोट्या-गुडघ्यांवर वजनाच्या कित्येक पट भार येतो. खरं तर तोंड केबिनकडे ठेवून, दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन कायम टेकलेले ठेवून उतरायचं असतं. घाईत कोण लक्षात ठेवतो?

बसून चालवायच्या फोर्कलिफ्टची तर गंमतच उलटी. ती कलंडू लागली की बाहेर उडी मारावीशी वाटते आणि नेमकं डोक्यावरचं संरक्षक छत चालकाला चिरडतं. म्हणून पट्टा बांधून आतच राहायचं, स्टिअरिंग घट्ट धरायचं आणि कलंडण्याच्या उलट बाजूला झुकायचं, हे मुद्दाम शिकवावं लागतं.

कायद्यांनाही ही उंची नीट दिसलेली नाही. अमेरिकेनं 2016 साली पडण्यापासून संरक्षणाचे नियम नव्यानं केले, पण ट्रक आणि रेल्वे वाघिणींसाठी वेगळी कलमं घालणं टाळलं. ब्रिटननं 2005 मध्ये जास्त शहाणपण दाखवलं: पडून इजा होऊ शकेल, ती प्रत्येक जागा म्हणजे उंची.

खरा उपाय बंदरांत सापडला. जहाजावर रचलेले कंटेनर एकमेकांना अडकवायला कामगार साडेआठ फूट उंच पेट्यांच्या थरांवर चढत. मग अर्धस्वयंचलित ट्विस्टलॉक आले. ते खाली धक्क्यावरच पेटीच्या कोपऱ्यांत बसवतात आणि पेटी जागेवर टेकताच ते आपोआप बंद होतात. पट्टा देण्यापेक्षा चढण्याचं कारणच काढून टाकलं.

महाराष्ट्रात 1969 च्या माथाडी कायद्यानं हमालांना मजुरीची हमी आणि भविष्यनिर्वाह निधी मिळवून दिला, ही मोठीच गोष्ट. हौद्यावर मात्र अजूनही टायरवर पाय देऊन, फाळक्याला लोंबकळूनच चढलं जातं. जमिनीवरून हँडल फिरवून ओढता येणाऱ्या ताडपत्र्या बाजारात आहेत. त्यांचा खर्च ट्रकमालकानं करायचा की माल पाठवणाऱ्यानं, यावर घोडं अडतं.