लेसरने केस काढताना घाई नको

लग्नसराईचे दिवस होते. एक आई आपल्या मुलीला घेऊन दवाखान्यात आली. मुलीने ओढणी हनुवटीवर घट्ट धरली होती. ती बाजूला केली, तर खाली काळपट चट्टे आणि एक फोड! ‘डॉक्टर, हळद पंधरा दिवसांवर आलीय. हे जाईल ना?’ आईने विचारले.

हकिकत अशी, की लग्न ठरल्यावर हनुवटीवरचे केस घालवायला मुलीने लेसर करून घेतले. दहा दिवसांनी केस दिसलेच, म्हणून लगेच दुसऱ्यांदा केले, तेही जास्त शक्तीने. शिवाय रोज भर उन्हात स्कूटरवरून नोकरीला जाणे चालूच होते.

वाचकहो, इथे दोन चुका झाल्या. एक उष्णतेची, दुसरी वेळेची.

केसातील मेलॅनिन हे काळे रंगद्रव्य लेसरचा प्रकाश शोषून घेते. प्रकाशाची उष्णता होते आणि केसाचे मूळ भाजते. पण हेच मेलॅनिन आपल्या सावळ्या कातडीतही असते. उन्हाने कातडी रापली की ते वाढते. मग केसासाठी सोडलेली उष्णता कातडीच शोषते आणि फोड येतो, डाग पडतो. म्हणून सावळ्या त्वचेला १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा एनडी-याग लेसर अधिक सुरक्षित मानतात. पांढऱ्या केसात मेलॅनिनच नसते, त्यामुळे तिथे लेसरचा उपयोग होत नाही.

आता वेळेचे. प्रत्येक केस काही काळ वाढतो, मग त्याची वाढ थांबते, काही काळ तो विश्रांती घेतो आणि गळतो. वाढीच्या काळातला केसच मुळाशी पक्का जोडलेला असतो. तेव्हाच उष्णता मुळापर्यंत पोचते. शेतकऱ्याला हे सांगायला नको. एका खुरपणीत वर आलेले तण निघते, जमिनीतले बी राहते. म्हणून चेहऱ्यावर साधारण चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने सहा-आठ बैठका लागतात. शिवाय भाजलेला केस लगेच पडत नाही. दोन-तीन आठवडे तो हळूहळू बाहेर सरकतो. या मुलीला तोच पुन्हा उगवला असे वाटले.

मी मलम दिले, ऊन टाळायला सांगितले. फोड आठवड्यात भरेल, पण डाग हळदीपर्यंत जाणार नाहीत, हेही स्पष्ट सांगितले. मग विचारले, ‘पाळी नियमित येते का?’ मायलेकींनी एकमेकींकडे पाहिले. पाळी तीन-तीन महिने येत नव्हती. तपासण्यांत पीसीओएस निघाला. अंतःस्रावांचा हा बिघाड तसाच राहिला, तर लेसरनंतरही नवे केस जाड होत राहतात. हा प्रश्न तिला तोवर कोणीच विचारला नव्हता.

तेव्हा लक्षात ठेवा:

१. लेसर त्वचारोगतज्ज्ञांकडूनच करून घ्या. कार्याच्या आधी सात-आठ महिने सुरुवात करा.

२. आधीचे चार आठवडे व बैठका चालू असेपर्यंत वॅक्सिंग, थ्रेडिंग नको. मूळच उपटले तर लेसर कशावर चालणार? वस्तरा चालतो.

३. बैठकीनंतर दोन दिवस कढत पाणी, वाफ नको. ऊन तर सर्व बैठका संपेपर्यंत टाळा.

४. केस कमी होतात, उरलेले बारीक होतात. एकही केस उरणार नाही, अशी हमी देणाऱ्यापासून दूर राहा.

५. हनुवटीवर राठ केस आणि अनियमित पाळी असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.