श्रीवेष्टक (सरलनिर्यास) : उपयोग आणि दक्षता

हिमालयात सुमारे ५०० ते २००० मीटर उंचीवर वाढणाऱ्या सरल वृक्षाच्या (पायनस रॉक्सबर्घी) खोडास छेद दिला असता जो चिकट, सुगंधी निर्यास स्रवतो, तो श्रीवेष्टक किंवा श्रीवास होय. व्यवहारात यास गंधाबिरोजा म्हणतात. महाराष्ट्रात हा वृक्ष नैसर्गिकरीत्या आढळत नसल्याने येथील वैद्यांस हे द्रव्य बाजारातूनच घ्यावे लागते, आणि घोटाळ्यास आरंभ तेथेच होतो.

सुश्रुतसंहितेत सूत्रस्थानाच्या ३८ व्या अध्यायातील एलादि गणात श्रीवेष्टक, सर्जरस, कुंदुरु व गुग्गुळ ही द्रव्ये स्वतंत्रपणे सांगितली आहेत. अर्थात ती परस्परांचे पर्याय नव्हेत. तथापि बाजारात 'राळ' या नावाखाली सर्जरसाऐवजी (शालनिर्यासाऐवजी) बिरोजाचे तेल काढून उरलेला रोझिन सर्रास मिळतो. दशावतारात पलित्यावर उडवावयाच्या राळेस हे चालून जाईल. व्रणावर लावावयाच्या राळेच्या मलमास मात्र चालणार नाही.

एलादि गण वातकफहर, विषघ्न, तसेच कंडू, पिडका व कोठ यांचा नाश करणारा आहे. श्रीवेष्टकाचा बाह्य उपयोग या दृष्टीने शोथ, ग्रंथी व दुष्टव्रण यांत लेप, मलम वा धूपन या रूपांनी केला जातो. आभ्यंतर उपयोगासाठी मात्र कच्चा निर्यास घेत नाहीत. दुधाच्या पात्रावर बांधलेल्या वस्त्रात तो ठेवून वाफेने वितळवून गाळतात व दुधात पडलेला भाग धुऊन वाळवितात. हाच 'सत्त बिरोजा' मूत्रविकारांवरील चंदनादि वटीसारख्या कल्पांत योजतात. उष्णतेने उडून जाणाऱ्या तीक्ष्ण तैलांशाचे प्रमाण यात घटते, हे या संस्काराचे मर्म आधुनिक रसायनशास्त्राच्या आधारेही सहज उमगते.

ऊर्ध्वपातन केले असता निर्यासातून साधारणतः एक पंचमांश टर्पेंटाइन तेल निघते. उरतो तो रोझिन. भारतीय तेलात पायनीनसोबत कॅरीन हा घटकही लक्षणीय प्रमाणात असतो. हवेच्या संपर्कात त्याचे ऑक्सिडीकरण होऊन त्वचेस ॲलर्जी उत्पन्न करणारी द्रव्ये तयार होतात. म्हणून जुने, अर्धवट भरलेल्या बाटलीतील तेल संधिशूलावर चोळू नये. रोझिनचेही तसेच. चिकटपट्टीने ज्या रुग्णाच्या त्वचेवर पुरळ उठते, त्यास बिरोजाचा लेप देण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

सर्वांत गंभीर बाब तेलाच्या पोटात जाण्याची. रंगाच्या दुकानात 'टर्पेंटाइन' म्हणून जे मिळते ते बहुधा खनिज तेलापासून काढलेले असते. त्याचा औषधाशी काडीचाही संबंध नाही. रुग्णास "बाहेरून टर्पेंटाइन आणा" एवढेच मोघम सांगणारा वैद्य नकळत हे द्रव त्याच्या घरी पोहोचवितो. खरे तेलही विषारीच आहे. लहान मुलांत १५ मिलिलिटर इतक्या अल्प मात्रेनेही मृत्यू झाल्याची नोंद वैद्यक ग्रंथांत आढळते. तोंड व घशाचा दाह, उलटी, ग्लानी, आक्षेप, रक्तमूत्रता ही लक्षणे दिसतात. मूत्रास व्हायोलेट फुलांसारखा गंध येतो.

आमाशयगत विषात वमन देण्याची आपली रीत येथे घातक ठरते. उलटीच्या वेळी तेल श्वासमार्गात उतरल्यास फुप्फुसांचा तीव्र दाह होतो. सबब वमन देऊ नये, दूध वा तूपही पाजू नये, रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे आणि बाटली सोबत द्यावी. खोकला नसला तरी काही तास निरीक्षण आवश्यक आहे.

वृक्कविकारी, गर्भिणी, श्वासरोगी व बालके यांना आभ्यंतर प्रयोग वर्ज्य समजावा. इतरांत बाह्य प्रयोगापूर्वी अग्रबाहूच्या आतील बाजूस थोडे औषध लावून दोन दिवस पाहावे. लाली वा खाज उठल्यास दुसरे द्रव्य निवडावे.