छायाचित्रांची किल्ली कोणाच्या हातीं ?

ज्या घरांत पूर्वीं मुंजीचें वा लग्नाचें एकच छायाचित्र भिंतीवर असे, तेथें आज एकेका कार्याचीं शेंकडों चित्रें निघतात. परंतु तीं नातवंडांस पाहावयास मिळतील कीं नाहीं, ही काळजी घरांतील वडीलधाऱ्यांनीं करावी अशीच आहे. आमच्या तिसगांवाजवळील मढी येथें कानिफनाथांच्या यात्रेंत मोठाले कॅमेरे घेतलेले तरुण आतां पुष्कळ दिसतात. त्यांच्याशीं बोलतां जें ध्यानीं आलें, तें वाचकांस सांगणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

कॅमेऱ्याच्या आंतील पटलावरचा प्रत्येक बिंदु तांबडा, हिरवा वा निळा यांपैकीं एकाच रंगाचा प्रकाश मोजतो. ही कच्ची मोजदाद ‘रॉ’ या नांवानें सांठविली जाते. नेहमींच्या जेपेग चित्रांत एकेका रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. १४ बिटांच्या रॉमध्यें १६,३८४. म्हणूनच कार्यालयाच्या अंधुक उजेडांतील चेहराही मागाहून उजळतां येतो. परंतु बहुतेक कारखानदार ही मोजदाद आपापल्या सांकेतिक लिपींत लिहितात व तिची बाराखडी प्रसिद्ध करीत नाहींत. कॅनन व निकॉन यांचीं ती उलगडण्याचीं स्वतःचीं साधनें संगणकावर विंडोज व मॅक यांपुरतींच आहेत. लिनक्स वापरणाऱ्यास तीं मिळत नाहींत.

लिनक्सचा गाभा लिनस तोरवाल्ड्स या फिन्लंडमधील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिहिला. त्याचा मजकूर सर्वांस खुला. कोणींही वाचावा, सुधारावा, दुसऱ्यास द्यावा. याच रीतीनें गिंप, डार्कटेबल, रॉथेरपी हीं छायाचित्रकारांचीं साधनें निर्माण झालीं; तीं विनामूल्य मिळतात. १९९७ सालीं डेव्ह कॉफिन यांनीं ‘डीसीरॉ’ लिहावयास घेतलें आणि एकेका कॅमेऱ्याची लिपि नमुन्यांवरून ताडून उलगडली. २००५ सालीं निकॉनच्या एका कॅमेऱ्यांत रंगसमतोलाची नोंद कुलूपबंद असल्याचें आढळलें. तेंही कुलूप त्यांनीं उघडलें.

मोडीचें उदाहरण घ्यावें. घरोघरीं जुनीं दप्तरें आहेत, वाचणारे थोडे. तरीही तीं वाचतां येतात, कारण मोडीची बाराखडी कोणीं पेटींत कोंडून ठेविली नव्हती. जो शिकेल त्यास ती येते. १९१० सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाचें कार्य याच आधारावर चाललें. ती लिपि एखाद्या पेढीच्या मालकीची असती, आणि पेढी बुडाली असती, तर आपला इतिहास कोणी वाचला असता?

यंत्र उघडून पाहण्याची विद्या आपणांस नवी नाहीं. कोल्हापुरांत आनंदराव व बाबूराव पेंटर यांनीं चित्रपटाच्या यंत्राची रचना न्याहाळून स्वदेशी कॅमेरा घडविण्याचा उद्योग मांडला. १९१६ सालीं आनंदराव वारले, तरी बाबूरावांनीं तो तडीस नेला. १९२० सालीं ‘सैरंध्री’ पडद्यावर आला.

प्रतिस्पर्ध्यास आपली विद्या कळेल, ही कारखानदारांची भीति सर्वस्वी निराधार नाहीं. परंतु रंग खुलविण्याची कला स्वतःपाशीं ठेवून केवळ नोंदींची मांडणी प्रसिद्ध करतां येते. अडोबीनें २००४ सालीं ‘डीएनजी’ ही मांडणी प्रसिद्ध केली. लायका ती वापरते, पेंटॅक्सच्या अनेक कॅमेऱ्यांत तिचा पर्याय असतो. सोनीनें संगणकावरून कॅमेरा चालविण्याचें साधन लिनक्सकरितांही दिलें आहे. अर्थात् अडचण शक्तीची नाहीं, इच्छेची आहे. आणि व्यापाऱ्याची इच्छा गिऱ्हाईकाच्या मागणीवांचून जागी होत नाहीं.

म्हणून कॅमेरा घेतेवेळीं दुकानदारास विचारावें : याचें रॉ डार्कटेबलांत उघडतें काय? डीएनजीची सोय आहे काय? घरचें कार्य छायाचित्रकाराकडे सोंपवितांना रॉबरोबर जेपेगची प्रतही मागून घ्यावी, दोन्ही दोन निरनिराळ्या ठिकाणीं ठेवाव्या, आणि निवडक चित्रें कागदावर उतरवावीं. आजीच्या चेहऱ्यावरील सुरकुत्या ही घराची ठेव आहे. त्या ठेवीची किल्ली घराबाहेर राहूं देणें शहाणपणाचें नव्हे.